नखभर जागा

डेव्हिड स्कॉटला हातमोजा ढिला नको होता. जुलै १९७१मध्ये अपोलो-१५ घेऊन तो चंद्राकडे निघाला. त्याआधी मापं घेताना त्याने सूटच्या बाह्या इतक्या आखूड करून घेतल्या होत्या, की बोटांची टोकं मोज्याच्या टोकांना थेट टेकावीत. हिशेब साधा होता. सूटमध्ये हवा भरली की मोजा फुगतो, बोटांपासून लांब सरकतो आणि हातात काय धरलंय याचा अंदाज येईनासा होतो. टोकाला टोक टेकलेलं असलं की कळ, हुक, हत्यार, सगळं नीट हाताला लागतं.

हॅडली दरीच्या काठावर स्कॉट आणि जेम्स अर्विन तीन फेऱ्यांत मिळून साडेअठरा तास काम करत होते. त्यात चंद्राच्या जमिनीत ड्रिलने खोल भोकं पाडायची होती, आणि रुतून बसलेला ड्रिलचा दांडा उपसून काढायचा होता. स्कॉटच्या नखांखाली रक्त साकळलं. अर्विनने मधल्या मुक्कामात आपली नखं कापून टाकली. स्कॉट ठणका सोसत राहिला.

इथे माप कुणाचं चुकलं नव्हतं. स्कॉटने मागितलं तसंच ते घेतलं होतं. बोटाला मोज्याचा स्पर्श हवा होता, तो मिळाला, आणि त्याची किंमत नखांनी मोजली. अंतराळात जाणाऱ्या माणसाच्या हातमोज्याचं माप घेणं हा याच देवघेवीचा कारभार आहे.

आधी हा मोजा असतो कशासाठी ते पाहू. बाहेर हवा नाही, म्हणून सूटच्या आत ती भरावी लागते. अंतराळ स्थानकाबाहेर काम करताना नासाचे लोक जो सूट घालतात त्यात शुद्ध ऑक्सिजन असतो, आणि त्याचा दाब आपल्या जमिनीवरच्या हवेच्या तिसऱ्या हिश्शाहूनही थोडा कमी, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण ३०० ग्रॅम असतो. ऐकायला हे फार वाटत नाही. पण दोन सेंटिमीटर जाडीचं बोट घेतलं तर त्याच्या टोकावर आतून जवळजवळ एक किलोचा जोर पडतो. तळहाताचं क्षेत्रफळ ८० चौरस सेंटिमीटर धरलं तर तिथे २४ किलो. बाहेरून तो अडवायला काहीच नसतं. तो पेलायचा मोज्याच्या कापडाने.

नुसता दाब पेलणं ही काही अवघड विद्या नव्हे. आमच्या परंड्याच्या किल्ल्याच्या बुरुजांवर आजही तोफा आहेत. विजापूरची प्रसिद्ध मुलूखमैदान तोफही १६३२ साली इथूनच तिकडे नेली. १५४९मध्ये अहमदनगरला ओतलेली ही तोफ पन्नास टनांहून जड आहे. बारुदाचा भडका सोसायचा तर धातू जाड करा, असा तो सरळ उपाय. हातमोज्याची पंचाईत अशी की त्याला दाब धरायचा आहे आणि वाकायचंही आहे, तेही वीसेक ठिकाणी, दर मिनिटाला कितीतरी वेळा. फुगवलेली कुठलीही नळी वाकवायला गेलं की आतली जागा कमी होते, कोंडलेली हवा विरोध करते, आणि हात सोडला की नळी पुन्हा सरळ होते. अंतराळवीर मूठ मिटतो तेव्हा तो हत्याराची मूठ धरत असतोच, शिवाय स्वतःच्या मोज्याशी झुंजत असतो.

म्हणून मोजा थरांचा असतो. सगळ्यात आत रबरासारख्या पातळ पदार्थाची पिशवी, हवा धरण्यासाठी. एकटी असती तर ती फुगतच गेली असती, म्हणून तिच्यावर न ताणणाऱ्या कापडाचा थर, जो तिला हाताच्या आकारात जखडून ठेवतो. सांध्यांवर हे कापड चुण्या घालून शिवलेलं असतं. वाकताना एका बाजूच्या चुण्या मिटाव्यात, दुसऱ्या बाजूच्या उघडाव्यात आणि आतली जागा होता होईल तो तेवढीच राहावी, यासाठी ही योजना. त्यावर ऊन, थंडी आणि सूक्ष्म उल्कांपासून वाचवणारं आवरण, बोटांच्या टोकांना सिलिकॉनचे पापुद्रे, तळव्याकडे वेक्ट्रान नावाच्या चिवट धाग्याचं कापड. तळहात फुगून चेंडू होऊ नये म्हणून त्यावरून एक आडवी पट्टी जाते. नासा १९९८पासून वापरत असलेल्या मोज्यांत बोटांच्या टोकांशी बॅटरीवर चालणारी ऊबही आहे. हा सगळा डोलारा मनगटाशी एका फिरत्या कड्याने बाहीला जोडला जातो.

मोजा हातावर मोकळा असताना, म्हणजे हवा भरण्याआधी, बोटं थोडी आत वळलेली दिसतात. ते मुद्दाम असतं. दाबाखाली मोज्याची एक ठरलेली विश्रांतीची मुद्रा असते. तिच्यापासून मूठ मिटायला जोर लागतो आणि पंजा सपाट उघडायलाही लागतो. कामात हात बहुतेक वेळ ज्या अवस्थेत असणार, ती मुद्रा मोज्यात आधीच शिवून ठेवायची. आता हे ठरवायचं तर त्या माणसाचा हात विश्रांतीत कसा वळतो ते माहीत पाहिजे. दोन माणसांच्या पंजाची लांबी-रुंदी मिलिमीटरला मिलिमीटर जुळली तरी अंगठा कुठून फुटतो, करंगळी किती बाहेर झुकते, हे जुळेलच असं नाही.

परंड्याच्या बाजारपेठेत शिंप्याकडे गेलात तर तो फीत काढेल, किंवा म्हणेल, जुना सदरा मापाला ठेवून जा. शिवणीत माया सोडेल. पोट सुटलं, पोरगं वाढलं, की उसवून सैल करता येतं. तंग झालं तरी कुणाचं काही बिघडत नाही, एक बटण उघडं ठेवायचं. अंतराळातल्या मोज्यात माया सोडण्याची सोय नाही. शिवणीत उरलेलं कापड सहा-सात तास त्याच बोटाच्या त्याच जागी घासत राहणार. आणि फितीने घेतलेली मापं इथे पुरत नाहीत, म्हणून हाताचा साचाच काढतात. लेपात पंजा बुडवून ठसा, ठशातून हाताची प्रतिकृती, तिचं लेझरने स्कॅन, आणि त्या आकड्यांवरून संगणकात आतल्या पिशवीचा साचा. डेलावेअर राज्यातल्या आयएलसी डोव्हर या कंपनीने नासासाठी ही रीत बसवली. याच कंपनीने अपोलोचे सूटही शिवले होते. तिचा दुसरा धंदा तेव्हा बायकांच्या अंतर्वस्त्रांचा होता. प्लेटेक्स हे नाव त्याच घरातलं. त्या कारखान्यातल्या शिवणकाम करणाऱ्या बायकांनीच चंद्रावरचे सूट शिवले. एखादी टाचणी कापडात राहून गेली तर माणूस मरेल, म्हणून टाचण्यांचा हिशेब ठेवावा लागे. मोठमोठ्या विमान कंपन्या स्पर्धेत असताना हे काम या कंपनीकडे गेलं, याचं मला आश्चर्य वाटत नाही. अंगाला लागून बसणारं आणि तरी हालचालीला न अडणारं कापड शिवणं ही कला तिथे रोजच्या पोटापाण्याची होती.

आता प्रत्येकासाठी नवी जोडी बनत नाही. ती महाग असते आणि बनायला वेळ लागतो. आधी तयार जोड्यांच्या साठ्यातून हाताजवळची मापं काढून बघतात, कुठलीच जमली नाही तर नवी.

बसवून पाहण्याच्या खोलीत एक बंद पेटी असते. पेटीला दोन भोकं, भोकांना मोजे कड्याने जोडलेले. अंतराळवीर बाहेर उभा राहतो, हात मोज्यांत घालतो आणि पेटीतली हवा उपसली जाते. जेवढा फरक अंतराळात असणार तेवढा फरक तयार झाला की दुकानात घालून पाहिल्यासारखा वाटणारा मोजा एकदम जिवंत होतो, ताठ होतो. आणि मग प्रश्नोत्तरं. बोटांची टोकं लागतात का? कुठलं आधी लागतं? बोटांच्या बेचक्यात कापड भिडलंय की मध्ये पोकळी आहे? तळव्यावरची पट्टी हाताच्या रेषेवर बसली की सरकली? मूठ मिटताना अंगठा कुणीकडे ओढला जातो? आत आणखी एक पातळ मोजा असतो, तो कुठे गोळा होतोय का? हुक उघडून दाखवा. हत्यार उचला, फिरवा, खाली ठेवा. पुन्हा उचला.

या खोलीत मोजमाप करणाऱ्याची एक गंमतशीर अडचण असते. त्याच्याकडे त्या हाताचे शेकडो आकडे असतात, पण मोज्याच्या आत काय चाललंय ते त्याला दिसत नाही. ते फक्त घालणारा सांगू शकतो. आणि घालणारा हा बहुधा असा माणूस असतो ज्याने आयुष्यभर 'मला काही होत नाही' म्हणायची सवय लावून घेतली आहे. लढाऊ विमानाचा वैमानिक टोचतंय म्हणून तक्रार करत नाही. आज इथे टोचलेलं त्याने गिळलं तर तेच पुढे बाहेर सहा तास टोचत राहणार. त्यामुळे चांगला मोजा बसवणारा आकड्यांइतकाच चेहरा वाचतो.

पेटीनंतर पाणी. ह्यूस्टनला नासाचा एक तलाव आहे, ६२ मीटर लांब, ३१ मीटर रुंद, १२ मीटर खोल, आत अंतराळ स्थानकाच्या भागांच्या प्रतिकृती बुडवलेल्या. वजनं लावून सूट असा तोलतात की माणूस बुडतही नाही आणि वर येतही नाही. पूर्ण सूट, पूर्ण दाब, सलग सहा-सहा तास. मोज्याची खरी परीक्षा इथे होते, कारण पेटीत दहा मिनिटं सुखाचा वाटलेला मोजा चौथ्या तासाला वैरी होऊ शकतो. फक्त एक फसगत इथे होते. सूट तरंगत असला तरी सूटमधला माणूस तरंगत नसतो. त्याला गुरुत्वाकर्षण आहेच. डोकं खाली करून काम करायची वेळ आली की तो सूटमध्ये खांद्यांवर घसरतो आणि त्यासोबत हात मोज्यात पुढे सरकतात. तलावात टोचणारं वर टोचेलच असं नाही, आणि इथे न टोचणारं तिथे टोचणार नाही याचीही खात्री नाही. या तलावातल्या सरावात झालेल्या दुखण्याखुपण्यांची नासाच्या डॉक्टरांनी नोंद केली तेव्हा त्यातल्या जवळजवळ निम्म्या तक्रारी हातांच्या निघाल्या.

हात का? कारण बाहेर गेल्यावर पायांना काम उरत नाही. माणूस स्थानकाच्या कठड्याला धरून हातांनीच सरपटतो, हातांनीच थांबतो, हातांनीच वळतो. पुन्हा बोटं वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपराच्या खाली असतात. नुसतं पकडून राहिलं तरी ते भरून येतात. चंद्रावर उतरलेल्यांनीही सगळ्यात जास्त कुरकुर केली ती हाताच्या या भागाबद्दल.

आणि नखं. काही अंतराळवीरांची नखं बाहेरच्या कामानंतर गळून पडली. एक-दोघांनी तर उड्डाणाआधीच ती काढून टाकल्याचं सांगितलं जातं. बरीच वर्षं सगळ्यांचा समज एकच होता: बोट लांब, मोजा आखूड, टोक टोकाला आपटतं, नख उचकटतं. म्हणजे स्कॉटचीच गोष्ट. २०१०मध्ये एमआयटीतल्या संशोधकांनी २३२ अंतराळवीरांच्या नोंदी आणि हातांची मापं एकत्र ठेवून पाहिली. बोटाच्या लांबीशी नखाच्या इजेचा म्हणावा तसा मेळ बसेना. मेळ बसला तो पंजाच्या घेराशी. पंजा रुंद, त्याला मोजा आवळलेला, त्यामुळे बोटांकडचा रक्तपुरवठा दबतो आणि नख सैल होतं, असा त्यांचा तर्क. दुखणं बोटाच्या टोकाला आणि कारण बोटांच्या मुळाशी. मोजा बसवणाऱ्याने इतकी वर्षं "टोकाला लागतंय का?" हेच विचारलं असेल, तर त्याचा तरी काय दोष!

माप फार तंग झालं तर हे होतं. ढिलं झालं तर काय होतं ते सगळ्यात पहिल्यांदा बाहेर पडलेल्या माणसानेच पाहिलं. १८ मार्च १९६५ला अलेक्सेई लिओनोव्ह यानाबाहेर बारा मिनिटं तरंगला. सूट असा फुगला की पाय बुटांतून आणि बोटं मोज्यांतून मागे निघाली. मोजे बाह्यांना जोडलेले होते, पण आत हात नव्हते. दोरी गोळा करता येईना, यानात शिरता येईना. शेवटी त्याने स्वतःच्या सूटमधली हवा थोडी सोडली आणि डोकं आधी घालून कसाबसा आत आला.

लिओनोव्हच्या त्या युक्तीत एक जुना वाद लपलेला आहे. दाब कमी केला की मोजा मऊ होतो. मग तो कमीच का ठेवू नये? कारण यानातल्या पूर्ण दाबातून कमी दाबाच्या सूटमध्ये गेलं की रक्तातला नायट्रोजन बुडबुडे धरू लागतो, खोल समुद्रातून झटकन वर येणाऱ्या पाणबुड्यासारखा. ते टाळण्यासाठी आधी तासन्‌तास शुद्ध ऑक्सिजन ओढत बसावं लागतं. रशियन ओर्लान सूटमध्ये दाब थोडा जास्त ठेवतात, त्यामुळे ही तयारी लवकर आटोपते, पण मोजा अधिक ताठ. १९८०च्या दशकात नासाने स्वतःच्या नेहमीच्या सूटच्या जवळजवळ दुप्पट दाबाचे, तयारीच न लागणारे सूट करून पाहिले. धड जमलं, खांदे जमले, घोडं अडलं ते हातमोज्याशी. सूटमध्ये दाब किती ठेवायचा हे फुप्फुसं ठरवत असतील असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात त्यात बोटांचं मत मोठं आहे.

मोजा फाटण्याच्या गोष्टीही आहेत. एप्रिल १९९१मध्ये एका शटल मोहिमेत तळव्याची आडवी पट्टी सरकली आणि तिने आतली पिशवी भोसकली. त्या अंतराळवीराला ते कळलंही नाही. त्याची कातडी आणि सुकलेलं रक्त यांनीच भोक बुजवलं होतं. ऑगस्ट २००७मध्ये रिक मास्ट्राक्किओला काम करता करता डाव्या अंगठ्यावर चीर दिसली. पाच थरांपैकी बाहेरचे दोन गेले होते, हवा गळत नव्हती, तरी त्याला लगेच आत बोलावलं. तेव्हापासून बाहेर असताना ठरावीक वेळाने काम थांबवून मोजे उलटसुलट करून पाहायचे, हा शिरस्ता कडक झाला. उड्डाणाआधीची चाचणीही निर्धोक नसते. मे १९९३मध्ये हबल दुर्बीण दुरुस्तीच्या तयारीत स्टोरी मसग्रेव्हला ह्यूस्टनच्या निर्वात कक्षात गोठवणाऱ्या थंडीत हत्यारं हाताळायला लावलं. बाहेर आला तेव्हा बोटांना हिमदंश झालेला होता. डिसेंबरात तो गेलाच, आणि हबल दुरुस्त करून आला.

लहान हाताची गोष्ट वेगळी आहे आणि ती फार कमी सांगितली जाते. मोजा लहान करता येतो, पण थरांची जाडी लहान करता येत नाही. जाड बोटाभोवती जेवढं आवरण लागतं तेवढंच बारीक बोटाभोवतीही लागतं. मग बारीक बोट त्यात हरवतं, दोन बोटांमध्ये गर्दी होते. मनगटाचं कडं तर सगळ्यांना एकच. मार्च २०१९मध्ये दोन बायकांनी मिळून करायची पहिली अंतराळफेरी मापाचा धडाचा भाग वेळेत तयार नसल्याने पुढे गेली आणि ऑक्टोबरात झाली. त्याची बातमी झाली. हाताच्या मापाने मागे राहिलेल्यांची कधी बातमी होत नाही. परंडा तालुक्यातल्या एखाद्या शाळेतली मुलगी उद्या या निवडीत पोचली, तर तिची उंची, डोळे, हृदय सगळं उत्तम निघूनही पंजाच्या घेरापाशी तिला थोडं थांबावं लागेल. माझ्या मते तो दोष तिच्या हाताचा नाही. साठ्यातल्या जोड्या कुणाचे हात डोळ्यांपुढे ठेवून केल्या, त्या निवडीचा आहे.

या धंद्यात बाहेरच्या माणसाला शिरता येतं का? एकदा आलं आहे. नासाने २००७मध्ये चांगल्या मोज्यासाठी खुली स्पर्धा ठेवली. मेन राज्यातला पीटर होमर नावाचा बेकार अभियंता घरी जेवणाच्या टेबलावर शिलाई मशीन मांडून बसला. त्याने पूर्वी होड्यांची शिडं शिवली होती, वारा भरलेलं कापड त्याच्या ओळखीचं होतं. मोजा किती दाबाला फुटतो, बोट वाकवायला किती जोर लागतो, सगळं मोजलं गेलं. दोन लाख डॉलरचं बक्षीस त्याला मिळालं. २००९मध्ये तो पुन्हा जिंकला.

आपल्याकडे हा अनुभव अजून यानाच्या आतल्या सूटपुरता आहे. राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ला सोयूझमधून गेले ते रशियन सोकोल सूट घालून. हा सूट अपघाताने यानातली हवा गेली तरच फुगतो, एरवी मोजे मऊ. ते ज्या साल्यूत-७ स्थानकावर राहिले, त्याच स्थानकाबाहेर त्याच वर्षीच्या जुलैत स्वेतलाना सावित्स्काया अंतराळात बाहेर पडणारी पहिली बाई ठरली. गगनयानसाठी निवडलेले हवाई दलाचे चार अधिकारी रशियात शिकत असताना, २०२० साली, मॉस्कोजवळच्या झ्वेज्दा कारखान्यात त्यांची मापं घेतली गेली. त्यातले शुभांशु शुक्ला २५ जून २०२५ला अंतराळ स्थानकाकडे गेले ते मात्र स्पेसएक्सचा सूट घालून. त्याचे मोजे असे की त्यांनी यानातला टचस्क्रीन चालवता येतो. दोन देशांच्या शिंप्यांनी घेतलेली एकाच पंजाची मापं शेजारी ठेवून पाहायला मला आवडलं असतं.

भारताचं स्वतःचं अंतराळ स्थानक २०३५पर्यंत उभं करायचं सरकारने जाहीर केलं आहे. स्थानक म्हटलं की बाहेर जाणं आलं, कारण सौर पट्ट्या बिघडतात आणि नळ्या गळतात. तेव्हा आपल्याला असा मोजा लागेल जो सलग सहा तास फुगलेला राहील आणि तरी वाकेल. रॉकेट बनवण्याच्या मानाने हे काम किरकोळ वाटेल, पण त्याला दाब असलेल्या पेट्या लागतील, सांध्यांवर चुण्या घालू शकणारे हात लागतील, आणि आपल्या माणसांच्या, बायकांच्याही, पंजांचे शेकडो साचे लागतील. साचे काढायला रॉकेटची वाट पाहावी लागत नाही. ते काम लेपाच्या एका बादलीवर उद्या सकाळीही सुरू होऊ शकतं.